राजापूर मतदारसंघ : अर्धशतकाचा एक धडा

इतिहास हा शब्द उच्चारताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. राजापूर म्हटले की त्यांस तेथील गंगा आठवते, इंग्रजांची वखार आठवते, आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती वखार लुटल्याची कथा आठवते. परंतु याच राजापूरच्या नावाने एक दुसरा इतिहास घडला आहे. त्यात तलवार नाही की तोफ नाही. कागदाचा एक तुकडा आणि एक पेटी एवढीच त्यातील सामग्री होय. आणि त्यात भाग घेणारे कोणी सरदार नसून विद्यार्थ्यांचे आजे, पणजे व आज्या हेच होते. लोकसभेच्या राजापूर मतदारसंघाचा हा इतिहास १९५७ साली सुरू झाला व २००८ साली संपला. तो का सुरू झाला याहून तो का संपला हे समजून घेणे आपणांस अधिक अगत्याचे आहे. म्हणून हा पाठ आम्ही विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांकरिताही लिहीत आहो.

मत देण्याचा हक्क पूर्वी कोणास होता?

आज अठरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मत देऊ शकतो. ही स्थिती पूर्वीपासून नव्हती. १९३५ च्या कायद्याप्रमाणे १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदारांची संख्या सुमारे तीन कोटी होती. जो सरकारसारा भरी, ज्याच्याजवळ काही मालमत्ता असे अथवा ज्याचे काही शिक्षण झालेले असे, त्यासच मत असे. कोकणातील कुळाजवळ बहुधा यांपैकी काहीच नसे. जमीन खोताची, आणि राबणूक कुळाची, असा प्रकार होता. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पण खोती नाहीशी करणारा कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. त्यानंतर अल्पावधीतच, १९५१-५२ साली, एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांस मताचा हक्क देणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. कालपर्यंत खोताच्या पडवीबाहेर उभे राहणारे कूळ आणि तो खोत हे दोघे एकाच रांगेत उभे राहिले, आणि दोघांच्याही मताची किंमत एकच ठरली.

येथे एका दूरच्या देशाचा दाखला उपयोगी पडेल. आयर्लंड हाही आपल्या कोकणासारखाच हिरवा, पावसाळी, आणि पोटासाठी देशांतर करणाऱ्या माणसांचा देश. तेथील कुळांपैकी काहींना मत असे. पण १८७२ पर्यंत ते मत सर्वांसमक्ष तोंडाने सांगावे लागे. जमीनदाराचा कारभारी ते ऐकत उभा असला म्हणजे कुळाचे मत कोणास जाई, हे सांगावयास नकोच. १८७२ च्या कायद्याने मत गुप्त झाले, १८८४ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढली, आणि १८८५ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०३ जागांपैकी ८५ जागा पार्नेल यांच्या स्वराज्यवादी पक्षास मिळाल्या. माणसे तीच होती, जमीनही तीच होती. परंतु कागद घडी करून पेटीत टाकण्याची मुभा मिळताच देशाचे मन प्रकट झाले. आपल्या देशात हा गुप्ततेचा हक्क पहिल्या निवडणुकीपासूनच सर्वांस मिळाला, हे आपले मोठे भाग्य समजले पाहिजे.

पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत आजच्यासारखे यंत्र नव्हते, आणि कागदावर शिक्का मारण्याची रीतही नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी आडोशास ठेवलेली असे व तिजवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने आत जावे आणि मनास येईल त्या पेटीत आपला कागद टाकावा. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही झोपडी आणि बैलजोडी यांतील भेद कळतो, या विचाराने ही योजना केलेली होती. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व नावांची एकच मतपत्रिका आली, आणि २००४ साली सर्व देशभर यंत्रे आली.

राजापूरची तेरा निवडणुका

१९५२ साली आपल्या जिल्ह्याच्या नावाने लोकसभेच्या दोन जागा होत्या. उत्तर रत्नागिरीतून आझाद हिंद फौजेतील सेनानी जगन्नाथराव भोसले व दक्षिण रत्नागिरीतून मोरेश्वर दिनकर जोशी असे दोघेही काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. १९५७ साली या जागांस रत्नागिरी व राजापूर अशी नावे मिळाली. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, आणि दोन्ही ठिकाणी काँग्रेसचा पराभव झाला. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर व राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै हे लोकसभेत गेले.

तेव्हापासून २००४ पर्यंत राजापुरात तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या तेरा निवडणुकांत केवळ चारच व्यक्ती निवडून आल्या. त्यांचा क्रम असा :

बॅ. नाथ पै, प्रजासमाजवादी पक्ष : १९५७, १९६२, १९६७.
प्रा. मधू दंडवते, प्रथम प्रजासमाजवादी, पुढे जनता पक्ष व जनता दल : १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९.
मेजर सुधीर सावंत, काँग्रेस : १९९१.
सुरेश प्रभू, शिवसेना : १९९६, १९९८, १९९९, २००४.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. परंतु त्यांची कीर्ती न्यायालयात न होता संसदेत झाली. त्यांचा पक्ष लहान होता व केंद्रात सत्तेवर कधीच नव्हता. तरीही ते बोलावयास उठले म्हणजे सभागृह लक्षपूर्वक ऐके. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात असा निकाल दिला, की मूलभूत हक्कांस बाध आणणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही. त्यावर संसदेचा अधिकार पुनः प्रस्थापित करणारे विधेयक एका खाजगी सभासदाने मांडले, ते सभासद म्हणजे राजापूरचे नाथ पै होत. विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. पण त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ साली झाली. लोकसभा विसर्जित होऊन निवडणूक तोंडावर आली असता, १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे ते अकस्मात निवर्तले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या जागी उभे राहिले ते मधू दंडवते मूळचे अहमदनगरचे व मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९७१ साली इंदिरा गांधींच्या बाजूने देशभर एवढी मोठी लाट होती, की महाराष्ट्रातील ४५ जागांपैकी ४२ जागा त्यांच्या काँग्रेसने जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षास साऱ्या हिंदुस्थानात दोनच जागा मिळाल्या. त्यांपैकी एक राजापूरची. पुढे १९८४ सालीही तसेच झाले. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसकडे गेल्या आणि जनता पक्षास देशात अवघ्या दहा जागा मिळाल्या. त्या दहांतही राजापूर होते.

यावरून राजापूरचे मतदार काँग्रेसचे वैरी होते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कारण १९९१ साली त्यांनी काँग्रेसचाच उमेदवार निवडला. खरा बोध असा, की वारा कोणत्या दिशेस वाहतो हे पाहून मत देण्याची सवय या लोकांस नव्हती. जो जिंकणार त्यास मत द्यावे म्हणजे आपले मत फुकट जात नाही, असे पुष्कळ सुशिक्षितही म्हणतात. आम्हांस हा विचार भ्रामक वाटतो. मत म्हणजे शर्यतीतील घोड्यावर लावलेली पैज नव्हे. आपल्यावतीने कोणी बोलावे, हे सांगण्याचे ते साधन आहे.

विरोधी बाकावरचा सभासद निवडून लाभ काय, असा प्रश्न पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी दिले पाहिजे. कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. पण राजापूरच्या प्रतिनिधीने वर्षानुवर्षे ती मांडूनही गाडी आली नाही. आणीबाणीत दंडवते बंगलोरच्या तुरुंगात होते. १९७७ साली सुटून ते पुनः निवडून आले व रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यांतील लाकडी फळ्यांवर मऊ गाद्या बसविण्याचा निर्णय त्यांचा. गरीब उतारूच्या पाठीचा विचार ज्या मंत्र्याने केला तो राजापूरचा होता, हे विद्यार्थ्यांनी पुढच्या प्रवासात आठवावे. पुढे दंडवते अर्थमंत्री असताना, व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली डोंगर फोडून व खाड्या ओलांडून लोहमार्ग तयार झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. मध्यंतरी, १९९१ साली, दंडवते यांचा पराभव झाला होता. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हा जगाचा न्याय राजकारणातही चालतो.

सुरेश प्रभू यांस लोकांनी लागोपाठ चार वेळा निवडले. ते केंद्रात मंत्री झाले व वीजखात्याचा कारभारही त्यांनी पाहिला. पुढे २०१४ ते २०१७ या काळात तेही रेल्वेमंत्री होते. परंतु तोवर त्यांचा पक्ष बदललेला होता व ते राज्यसभेचे सभासद होते. एका लहानशा ग्रामीण मतदारसंघातून निवडून आलेल्या चौघांपैकी दोघांनी देशाची रेल्वे चालविली, हा योगायोग मोठा खराच.

येथे एक उणीवही नमूद केली पाहिजे. ज्या जिल्ह्यात पुरुष मुंबईस व स्त्रिया घरी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तेथे मतदानाच्या रांगेत स्त्रियाच अधिक असावयाच्या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. तथापि राजापुरातून एकही स्त्री लोकसभेत गेली नाही. शेजारच्या रत्नागिरीने १९६२ व १९६७ साली शारदा मुखर्जी यांस निवडून हा मान मिळविला होता.

मतदारसंघ नाहीसा कसा झाला?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रास लोकसभेच्या ४८ जागा आहेत. या जागांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या मानाने शक्य तितके सारखे असावेत, असा नियम आहे. २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांची पुनर्रचना झाली व ती २००८ साली अमलात आली. विद्यार्थ्यांनी पाटीवर त्रैराशिक मांडून पाहावे.

२००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. तीस ४८ ने भागता एका जागेमागे सुमारे २०,१८,००० माणसे येतात. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ व १९८१ साली त्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ होती. दोहोंची बेरीज २५,६५,६०२. म्हणजे आपल्या वाट्यास सुमारे सव्वा जागा येते, दोन नव्हे. म्हणून जुन्या रत्नागिरी व राजापूर या दोन मतदारसंघांतून एकच रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे विधानसभेचे सहा विभाग आले. उरलेला पाव हिस्सा, म्हणजे दापोली व गुहागर, रायगड मतदारसंघास जोडला गेला. राजापूर हे नाव आता विधानसभेच्या जागेपुरते उरले. नव्या मतदारसंघातून २००९ साली काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ व २०१९ साली शिवसेनेचे विनायक राऊत व २०२४ साली भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे निवडून आले.

म्हणजे राजापूरची जागा कोणा शत्रूने हिरावून नेली नाही. माणसे गेली, आणि त्यांच्यामागून जागा गेली. मुंबई, ठाणे व पुणे यांची वस्ती वाढली; आपली तितकी वाढली नाही. २०११ च्या जनगणनेत तर आपले आकडे उतरलेच : रत्नागिरी १६,१५,०६९ व सिंधुदुर्ग ८,४९,६५१. तेच त्रैराशिक या आकड्यांनी पुनः मांडले, तर सव्वा जागेची एक जागा व वर जेमतेम एक विसांश एवढेच उत्तर येते. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे तशीच ठेवली. त्यानंतर पुनः गणित मांडले जाईल तेव्हा आपल्या ओसाड वाड्या व कुलुपबंद घरे त्या बेरजेत धरली जाणार नाहीत. तेथे फक्त माणसे मोजली जातात.

आयर्लंडमध्येही असेच घडले आहे. तेथील राज्यघटनेप्रमाणे दर वीस ते तीस हजार लोकांमागे एक प्रतिनिधी असावा लागतो, व ही मांडणी किमान बारा वर्षांनी एकदा तपासून पाहावी लागते. लेट्रिम हा तेथील एक लहानसा ग्रामीण परगणा. देशांतरामुळे विरळ झालेला. २००७ व २०११ या दोन निवडणुकांत त्याचे दोन तुकडे करून ते दोन शेजाऱ्यांस जोडण्यात आले होते. दोन्हीकडे आपण अल्पसंख्य झालो, अशी तक्रार तेथील लोकांनी केली, आणि २०१६ च्या निवडणुकीत संपूर्ण लेट्रिम पुनः एकाच मतदारसंघात आला. माणसांची संख्या एकाएकी वाढली नव्हती; परंतु जे उरले होते त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही.

आपले कर्तव्य

यावर आपण काय करावे? गाव सोडून जाणाऱ्यास दोष देणे आमच्या मनात नाही. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर याच जिल्ह्यातील किती मुले शिकली, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु कायद्याच्या दोन गोष्टी प्रत्येक घराने जाणून असाव्यात. एक, कोणासही एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदविता येत नाही. मुंबईतही नाव व गावीही नाव, हे चालत नाही. दुसरी, केवळ गावी घर मालकीचे आहे एवढ्यावरून मनुष्य तेथील रहिवासी ठरत नाही. त्याचे नित्य वास्तव्य पाहिले जाते. गणपतीस व शिमग्यास येणारा चाकरमानी गावाचा पुत्र असतो, पण मतदार तो जेथे राहतो तेथला. तेव्हा जे गावी राहतात त्यांच्यावर दुप्पट भार आहे. त्यांनी मत न दिल्यास त्यांच्या वाडीच्यावतीने बोलणारे दुसरे कोणीही उरत नाही.

आणि जे मुंबईत राहतात त्यांनी तेथे नाव नोंदवून प्रामाणिकपणे मत द्यावे. दोन्हीकडे अर्धेमुर्धे असून कोठेच मत न देणे, हा आमच्या मते सर्वांत मोठा तोटा होय. पवित्र शास्त्रातील दृष्टांतात एका दासाने धन्याने दिलेला ठेवा जमिनीत पुरून ठेवला, व त्यातून काहीच निपजले नाही. मताचेही तसेच आहे. न वापरलेले मत जपून राहत नाही, ते नाहीसे होते.

मताचे वय १९८९ पासून एकवीसवरून अठरावर आले आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस हे वय फार दूर नाही. सतरा वर्षे पूर्ण होताच आगाऊ अर्ज करण्याची सोयही आता झाली आहे. तेव्हा दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने पुढील प्रश्नांची उत्तरे घरीच मिळवावी व वहीत लिहून आणावी.

१. आपल्या घरातील कोणकोणाची नावे मतदारांच्या यादीत आहेत, व ती कोणत्या गावी?
२. आजी अथवा आजोबा यांनी पहिले मत कोणत्या साली दिले? त्या वेळी पेटी होती की मतपत्रिका?
३. आपल्या वाडीत किती घरे आहेत, व त्यांपैकी किती वर्षातून दहा महिने बंद असतात?

कोणी कोणास मत दिले, हे मात्र विचारू नये. ते गुपित मिळविण्यासाठी एका देशातील कुळांस १८७२ पर्यंत वाट पाहावी लागली होती. आपण ते राखले पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मात्र हात आखडता घेऊ नये. राजापूर मतदारसंघ का नाहीसा झाला, हे त्या एका आकड्यावरून कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळेल.